केसपेपरवरची क्वार्टर

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरच्या सुप्यात एका अंगाला औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या चालतात आणि दुसऱ्या अंगाला पारनेरच्या कमी पावसाच्या रानात कांदा, ज्वारी, बाजरी निघते. दोन्हीकडची मजुरी हाताची. आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आजार, नेमका हातावरच येतो. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटांचे मुळाचे आणि मधले सांधे, मनगटे दोन्ही हातांत सारखी सुजतात, सकाळी तास-तास मूठ वळत नाही आणि उपचार लांबला की हाडे झिजून बोटे कायमची वाकडी होतात. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन-तीन पट जास्त आढळतो. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये भिगवणला घरोघर जाऊन जी पाहणी सुरू केली, तिच्यात सुमारे १८ टक्के प्रौढांनी हाडा-सांध्यांचे दुखणे सांगितले. आमवात मात्र हजारी पाचांच्या आसपास निघाला. प्रमाण लहान आहे, पण ज्याच्या घरात तो आहे त्याची रोजची मजुरी त्याच्याशी बांधलेली आहे. मजुरी बुडू नये म्हणून माणूस काय-काय करतो, हा या लेखाचा विषय. कोणी संध्याकाळी क्वार्टर घेतो, कोणी सकाळी मेडिकलमधून सुट्ट्या गोळ्या आणतो, कोणी दिवसातून तीनदा तंबाखूची मिश्री लावते. डॉक्टरांसमोर बसल्यावर यातले काहीच सांगितले जात नाही.

या सवयींचे काय करायचे, याबाबत दोन मते आहेत आणि दोन्ही या तालुक्याच्या मातीतली आहेत. सुप्यापासून राळेगणसिद्धी फार लांब नाही. दारूबंदीची गावाने सक्ती केली तर काय घडू शकते, याचा महाराष्ट्राला माहीत असलेला सर्वांत मोठा दाखला तिथला. दुसरे मत दवाखान्याचे आहे. ही दोन मते खाली दोघांच्या तोंडी घातली आहेत. चळवळीची बाजू गुरुजी मांडतात, दवाखान्याची मॅडम. दोघेही कल्पित आहेत, पण त्यांचे युक्तिवाद कल्पित नाहीत. शेवटी निवाडा द्यायचा तो लेखकाने.

गुरुजी : मॅडम, आजार बदलला म्हणून दारू बदलत नाही. राळेगणला १९७५ नंतर भट्ट्या बंद झाल्या त्या समजुतीच्या गोष्टी सांगून नाही. पिऊन आलेल्याला खांबाला बांधून फटके दिले, तेव्हा बंद झाल्या. आज तसं करू नये हे मलाही मान्य आहे. पण गावाचा धाक होता म्हणून घरात दाणा शिल्लक राहिला, हे कोण नाकारील? याच तालुक्यात निघोजच्या बायकांनी बाटली आडवी करायला मतदान घडवून आणलं. २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान, आणि निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकान बंद, हा नियम त्यांच्यासारख्यांसाठीच झाला. आता आमवाताचा रुग्ण म्हणतो, दुखतं म्हणून घेतो. दुखत कुणाला नाही? कारण मान्य केलं की प्रत्येकाला कारण सापडतं. तुम्ही त्याला सरळ सांगा, दारू, तंबाखू सोडली तरच औषध मिळेल. तेवढा धाक डॉक्टरांचाच चालतो.

मॅडम : गुरुजी, धाक चालतो, पण कुठे चालतो ते पाहा. दुकानावर चालतो, भट्टीवर चालतो. माझ्या टेबलासमोर त्याचा एकच परिणाम होतो. मी विचारते, "घेता का?" आणि उत्तर येतं, "नाही हो, कधीच नाही." त्या उत्तरावर मी औषध ठरवते. आमवाताचं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. स्वस्त आहे, राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आठवड्यातून एकदाच घ्यायचं, जोडीला फॉलिक ॲसिड. ते यकृतावर ताण आणू शकतं, म्हणून ठराविक अंतरानं रक्त तपासायचं. दारूचा ताणही त्याच यकृतावर. त्यात सांध्याच्या दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज चालू असेल, तर दारूबरोबर पोटातून रक्तस्राव व्हायची भीती वाढते. म्हणजे माणूस पितो याच्याइतकंच, तो पितो हे मला माहीत नाही, हेही धोक्याचं. तुमच्या धाकानं पिणं थांबलं तर उत्तमच. पण धाकानं नुसतं सांगणं थांबलं, तर रुग्णाचा तोटा दुप्पट.

गुरुजी : म्हणजे तो म्हणेल थोडी घेतो, आणि तुम्ही म्हणाल थोडी चालेल. मग गावभर तेच होणार, डॉक्टरांनीच परवानगी दिली. शिवाय थोडी घेतली तर आमवात कमीच होतो, असं परदेशात सिद्ध झालंय म्हणे. ते ऐकून चार माणसं बाटली उघडतील.

मॅडम : दोन्ही गोष्टी नीट पाहू. स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या अभ्यासांत, २००९ मध्ये, दारू घेणाऱ्यांत आमवात कमी आढळला होता, हे खरं. दारू घेणाऱ्यांचे सांधे कमी बिघडलेले दिसतात, असंही काही ठिकाणी नोंदलं गेलं. पण पुढच्या अभ्यासांनी त्यातली मेख दाखवली. ज्यांचा आजार बळावतो, ते दारू सोडतात. मग न पिणाऱ्यांच्या रांगेत जास्त आजारी माणसं जमतात आणि पिणारे निरोगी दिसतात. कारण आणि परिणाम उलटे धरले गेले. म्हणून औषध समजून दारू कुणालाही सांगता येत नाही. आता थोडीचं बोलू. ब्रिटनमध्ये मेथोट्रेक्सेट सुरू केलेल्या ११,८३९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २०१७ चा. आठवड्याला १४ एककांपेक्षा कमी घेणाऱ्यांच्या यकृताला न पिणाऱ्यांपेक्षा जास्त धोका दिसला नाही, २१ च्या वर मात्र तो वाढला. हे ऐकून तुम्हाला परवानगी वाटेल. पण हिशेब मांडा. तिथलं एक एकक म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्या बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ७७ मिली अल्कोहोल, म्हणजे पावणेआठ एककं. आठवड्याची १४ एककं म्हणजे दोन क्वार्टरसुद्धा भरत नाहीत. रोज एक क्वार्टर घेणारा आठवड्याला ५४ एककं घेतो. त्याला मी हा आकडा दाखवते तेव्हा परवानगी देत नाही. स्वतःला थोडी घेणारा समजणारा माणूस किती घेतो, ते त्याच्याच हिशेबात त्याला दिसतं. पण त्यासाठी आधी त्यानं क्वार्टर कबूल करायला हवी.

इथे दोघांच्या म्हणण्यातला फरक उघड होतो. गुरुजींचे प्रमाण गाव आहे, मॅडमचे प्रमाण एक रुग्ण. गावाला एकच नियम लागतो आणि तो सोपा असावा लागतो: दुकान हवे की नको. रुग्णाला नियमापेक्षा नेमकी माहिती लागते: किती, कशाबरोबर, कोणत्या औषधावर असताना. सार्वजनिक प्रश्नाला दिलेले सोपे उत्तर खाजगी प्रश्नाला तसेच लावले की माहिती लपते, आणि आमवातात लपलेली माहिती यकृतात, पोटात, हाडांत जाऊन साठते. गुरुजींची बाजू मात्र एवढ्याने संपत नाही. त्यांचा पुढचा आक्षेप जास्त टोकदार आहे.

गुरुजी : मान्य, तुम्हाला खरं कळायला हवं. पण खरं सांगणाऱ्याला तुमच्याकडे काय मिळतं? घेतो म्हटलं की बरेच डॉक्टर मेथोट्रेक्सेट देतच नाहीत. दारू सुटल्यावर या, म्हणतात. मग आमच्या धाकात आणि तुमच्या धाकात फरक काय राहिला? आमचा निदान गावाच्या भल्याचा तरी असतो.

मॅडम : हा आक्षेप आमच्यावर खरा लागू होतो, आणि तो मी टाळत नाही. औषध नाकारणं हीच शिक्षा झाली, तर पुढचा रुग्ण शहाणा होऊन खोटं बोलणार. औषध न देता पाठवलेला आमवात थांबत नाही. पहिल्या काही महिन्यांतच सांध्याची झीज सुरू होते, आणि ती झाल्यावर भरून येत नाही. दुखणं वाढलं की दारूही वाढते. म्हणून रोज जास्त पिणाऱ्याला मी यकृतावर कमी ताण असलेल्या औषधांवर ठेवीन, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन किंवा सल्फासॅलाझिन. आजार ताब्यात ठेवीन आणि त्याच वेळी दारूवर बोलत राहीन. दारू कमी झाली, रक्त तपासलं, की औषध वाढवीन. दारू सोडणं ही उपचाराची पूर्वअट होऊ नये. तो उपचाराचाच एक भाग व्हावा. दारूशिवाय दुसरीही गोष्ट आहे. २०१३ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला, तेव्हा आमवाताच्या सुमारे १७ टक्के रुग्णांना गंभीर नैराश्य निघालं. त्या माणसाला धाक दाखवून काय मिळेल? त्याचं नैराश्यही मला विचारायला हवं.

गुरुजी : तुम्ही दारूवरच बोलताय. आमवात बायकांना जास्त, आणि आमच्याकडच्या बायका काही गुत्त्यावर जात नाहीत. त्या मिश्री लावतात आणि मेडिकलमधून गोळी आणतात. गोळीला व्यसन म्हणाल, तर दुखण्यानं पिचलेल्या बाईला तुम्ही व्यसनी ठरवलंत. तिथं तरी दया दाखवा, किंवा मेडिकलवाल्याला चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची बंदी करा. सरळ उपाय आहे.

मॅडम : दया दाखवायची म्हणजे न विचारणं, असं मी मानत नाही. गोळ्यांची तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि तिन्हींना एकच बंदी लावली तर एकात जीव जाईल. पहिली डायक्लोफेनॅकसारखी साधी वेदनाशामक गोळी. तिची नशा नाही, पण रोज घेतली तर मूत्रपिंड आणि पोट जातं. उन्हात, पाणी कमी पिऊन, कांदा काढताना ती आणखी वाईट. दुसरी स्टेरॉइडची, सुट्टी किंवा पुडीत मिसळलेली. तिनं दोन दिवसांत सूज उतरते, भूक लागते, बरं वाटतं, आणि म्हणूनच ती सुटत नाही. महिनोन् महिने घेतली की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू होतो. पण अनेक महिने घेणाऱ्या बाईची ती एका दिवसात बंद केली, तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार नसतं. रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. ती हळूहळू कमी करावी लागते, आणि त्याआधी ती चालू आहे हे कळावं लागतं. तिसरी ट्रामाडोलसारखी अफूच्या जातीची गोळी. ही एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. त्याआधीच, २०१४ पासून, ती शेड्यूल एच-१ मध्ये होती, म्हणजे विकणाऱ्यानं डॉक्टर, रुग्ण, प्रमाण सगळं वहीत लिहून तीन वर्षं ठेवायचं. ही बंधनं हवीतच. अमेरिकेत आमवाताच्या रुग्णांच्या एका मोठ्या नोंदणीत, सतत अफूजन्य गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण २००२ मधल्या ७.४ टक्क्यांवरून २०१५ मध्ये १६.९ टक्क्यांवर गेलं. आणि आमवातात या गोळ्यांचा काही फायदा असला तर तो थोड्या आठवड्यांपुरता, हे २०११ च्या आढाव्यात निघालं. चांगली नवी औषधं हाताशी असूनही अमेरिकेत हे प्रमाण वाढलं. गोळी आजार थांबवत नाही, फक्त दुखणं झाकते, आणि झाकल्या दुखण्याखाली सांधा झिजतच राहतो.

गुरुजी : आणि मिश्री?

मॅडम : महाराष्ट्रातली २०१६–१७ ची तंबाखू पाहणी सांगते, धूर न काढता तंबाखू घेणारे प्रौढ २४.४ टक्के, आणि विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के. आमवाताचा पक्का संबंध धुराशी आहे. विशिष्ट जनुकं असलेल्या माणसांत धुरामुळं फुप्फुसातली प्रथिनं बदलतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध उठतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. ओढणाऱ्यांवर मेथोट्रेक्सेटही कमी लागू पडतं. स्वीडनमधल्याच तंबाखूच्या ओल्या तपकिरीचा आमवाताशी मात्र संबंध आढळला नाही. म्हणून मिश्री लावणाऱ्या बाईला मी यामुळंच तुझे सांधे गेले असं म्हणणार नाही, कारण ते मला माहीत असलेल्या पुराव्याबाहेरचं आहे. तिला मी सांगेन, तोंडाचा कर्करोग होतो, आणि हिरड्यांचा जुना जंतुसंसर्ग आमवाताबरोबर वारंवार दिसतो. खोटी भीती घातली की खऱ्या भीतीवरचा विश्वासही जातो.

गुरुजी : हे सगळं पटलं तरी एक प्रश्न उरतोच. करणार कोण? तुमच्या बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत असते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत म्हणे, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. सदतीस जण उरले ना? त्यांना उपचार मिळेपर्यंत त्यांची घरं वाचवायला बंदी हाच एक मार्ग आहे. तुमची पद्धत चांगली आहे, पण ती आहे कुठे?

मॅडम : कमी आहे, हे खरं. पण हवी ती गोष्ट फार मोठी नाही. केसपेपरवर चार प्रश्न: दारू किती आणि कधी, तंबाखू कोणत्या रूपात, दुखण्यासाठी स्वतः आणलेल्या गोळ्या कोणत्या, मन कसं आहे. हे प्रश्न प्रत्येकाला विचारायचे, सभ्य दिसणाऱ्यालाही. मग कुणाला आपल्यावर संशय घेतला असं वाटत नाही. उत्तर नातेवाइकांना न सांगता लिहायचं, आणि उत्तरावरून औषध नाकारायचं नाही. पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयात, अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हे आजपासून होऊ शकतं. जास्त गरज असेल त्याला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय फोन आहे. पुण्यात डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. तिथली भूमिकाच अशी की व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे.

आता निवाडा. गुरुजींच्या तीन गोष्टी टिकतात. दारूची उपलब्धता कमी करणे हा गावाचा हक्क आहे आणि त्याचा उपयोग होतो, विशेषतः जिथे उपचार पोहोचत नाहीत तिथे. मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइड आणि ट्रामाडोल हा पुरवठ्याचाच प्रश्न आहे. दारूवर मतदान घडवणारा तालुका ग्रामसभेत मेडिकलची वही का तपासत नाही, हा त्यांच्याच बाजूचा पुढचा प्रश्न ठरतो. आणि खरे बोलणाऱ्याला औषध नाकारणारा डॉक्टर स्वतःच धाकाची चळवळ चालवतो, हेही त्यांनी बरोबर पकडले. मॅडमना ते मान्य करावे लागले आणि त्यांची भूमिका त्यामुळे बळकट झाली.

पण मूळ मुद्द्यावर मॅडमची बाजू सरस आहे, आणि त्याचे कारण करुणेत नसून आमवाताच्या स्वभावात आहे. या आजारात उपचाराची संधी सुरुवातीलाच असते आणि ती योग्य औषधावर अवलंबून असते. योग्य औषध अचूक माहितीवर ठरते, आणि रुग्णाला बोलण्यात धोका वाटत असेल तर अचूक माहिती येत नाही. या साखळीतली शेवटची कडी तुटली की बाकीच्या सगळ्या तुटतात. गावातल्या दारूबंदीची ताकद लाजेत आहे. लाज नसेल तर ती टिकत नाही. दवाखान्यात मात्र तीच लाज औषधाचा डोस चुकवते. राळेगणचा खांब आणि दवाखान्यातले टेबल यांच्यात पंधरा-वीस मिनिटांच्या रस्त्याचे अंतर असले तरी त्यांचे कायदे वेगळे असले पाहिजेत.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की माणूस एकच आहे. सकाळी गावाच्या लाजेत आणि दुपारी डॉक्टरांच्या मोकळिकीत तो कसा जगेल? उत्तर असे की तो आजही तसाच जगतो, फक्त मोकळीक त्याला डॉक्टरांऐवजी मेडिकलवाल्याकडे मिळते. तिथे कोणी काही विचारत नाही, म्हणून तो तिथे जातो. दवाखाना त्याला तीच मोकळीक देऊन वर माहिती, रक्ततपासणी आणि आजार खरोखर थांबवणारे औषध देऊ शकतो. सुप्याच्या पाळीवर जाणाऱ्या हातांना आणि रानात कांदा काढणाऱ्या बोटांना बंदी हवी असेल, तर ती दुकानावर हवी. त्यांच्या तोंडून निघणाऱ्या उत्तरावर ती नको. केसपेपरवर क्वार्टर लिहावी, आणि ती लिहिली म्हणून कोणाचेही औषध थांबू नये.